उपनगरांतील चार्जिंग केंद्रांच्या जागा

पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते, त्यामुळे पेट्रोलपंप वाहनाच्या वाटेवर कोठेही असला तरी चालतो. बॅटरी भरण्यास मात्र अर्ध्या तासापासून आठ-दहा तासांपर्यंत वेळ लागतो आणि तेवढा काळ वाहनाला एका जागी उभे राहावे लागते. म्हणूनच विजेवरील वाहनांसाठी सार्वजनिक चार्जिंग केंद्राची जागा निवडताना, त्या परिसरात वाहने कोठे, कोणत्या वेळी आणि किती तास उभी असतात, याची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी. मोकळा भूखंड, रुंद रस्ता, दर्शनी कोपरा या गोष्टी त्यानंतर येतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या मुंबईच्या चार उपनगरांचा विचार केला, तर हा क्रम उलटा लावल्याने काय बिघडते आणि सुलटा लावल्याने काय साधते, हे स्पष्ट दिसते.

चार्जिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, असते आणि बॅटरीत साठते ती एकदिश, म्हणजे डीसी. संथ चार्जिंगमध्ये हे रूपांतर वाहनातच बसवलेले उपकरण करते, आणि ते लहान असल्याने विजेचा ओघही मर्यादित राहतो. साधा संथ पॉइंट ३.३ किलोवॅटचा असतो. जलद चार्जिंगमध्ये हे रूपांतर वाहनाबाहेरच्या मोठ्या यंत्रात होते आणि तयार डीसी वीज थेट बॅटरीत जाते, त्यामुळे ३०, ५०, ६० किलोवॅट किंवा त्याहून अधिक वेग मिळतो. २०२० च्या आरंभी बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती. ती रिकामी असताना ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर पूर्ण भरायला नऊ तासांहून अधिक काळ लागतो, तर ५० किलोवॅटच्या जलद केंद्रावर ती सुमारे तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते.

परंतु रोज पूर्ण बॅटरी भरण्याची गरज फार थोड्यांना असते. एखादी लहान मोटार दिवसाला ४० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला साधारण ०.१४ युनिट खर्च करते असे धरले, तर तिला रोज साडेपाच-पावणेसहा युनिट पुरतात, म्हणजे संथ पॉइंटवरही दोन तासांच्या आत तिचे काम होते. दिवसाला ३० किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला जेमतेम एक युनिट लागते. याउलट दिवसाला सव्वाशे किलोमीटर फिरून घरोघरी खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या तरुणाच्या स्कूटरला चार युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणजे अनेक स्कूटरांच्या बाबतीत एक संपूर्ण बॅटरी दिवसभरातच रिकामी होते. रात्रभर उभ्या राहणाऱ्या वाहनाला संथ पण घराजवळचा पॉइंट हवा, आणि ज्याची रोजी चाकांवर आहे त्याला कामाच्या वाटेवर, कमी वेळात चार्जिंग हवे. या दोन गरजा एकाच जागेने भागत नाहीत, आणि जागा-निवडीतील बहुतेक चुका ही दोन माणसे एकच समजल्यामुळे होतात.

शासकीय धोरणाने आजवर मुख्यतः अंतराचा निकष लावला. वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्यासाठी विद्युत अधिनियम २००३ अन्वये वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि खासगी उद्योजकांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात ३ गुणिले ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र असावे, असे सांगितले. सप्टेंबर २०२४ च्या सुधारित तत्त्वांनी शहरी भागासाठी ही चौकट २०३० पर्यंत १ गुणिले १ किलोमीटरवर आणण्याचे ठरवले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने एकट्या बृहन्मुंबईसाठी १,५०० केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले होते.

अंतराचा निकष राज्यभर किंवा देशभर समान न्याय राखण्यासाठी उपयोगी आहे, यात शंका नाही. मात्र मुंबई उपनगर जिल्ह्याच्या नकाशावर चौकटी आखल्या की त्याची मर्यादा कळते. सुमारे ४४६ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक लोक राहत होते, आणि याच क्षेत्रात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग, आरे वसाहत, पवई, विहार व तुळशी हे तलाव, विमानतळ, तसेच मालाड, गोराई आणि ठाणे खाडीकडील खारफुटी सामावलेली आहे. बोरिवली पूर्वेची एखादी चौकट निम्मी जंगलात जाते, तर घाटकोपर पश्चिमेच्या तेवढ्याच चौकटीत हजारो कुटुंबे दाटीने राहतात. दोन्हींत एकेक केंद्र उभारले की कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते आणि दुसऱ्या चौकटीतील माणूस रांगेतच राहतो. शिवाय सरळ रेषेतील अंतर येथे फसवे ठरते, कारण पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग प्रत्येक उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करतात. स्टेशनच्या पलीकडे अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या केंद्रापर्यंत जाण्यासाठी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग गाठावा लागतो आणि संध्याकाळच्या वाहतुकीत त्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. चौकटीऐवजी रस्त्याने लागणारा वेळ मोजला, तर अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम ही दोन वेगळी गावे समजावी लागतील.

जागा-निवडीचे शास्त्र या बाबतीत बरेच पुढे गेलेले आहे. रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रारूपात प्रश्न असा घातला होता की, केंद्रांची संख्या मर्यादित असताना ती कोठे ठेवली म्हणजे ठरावीक अंतराच्या आत येणाऱ्या लोकांची संख्या सर्वाधिक होईल. हे प्रारूप दवाखाने, अग्निशमन केंद्रे अशा सेवांसाठी वापरले गेले. त्यात मागणी घरात बसलेली मानली जाते. जॉन हॉजसन यांनी १९९० मध्ये निराळी दिशा घेतली आणि मागणी प्रवासाच्या वाटेवर असते असे मानून, सर्वाधिक वाटा ज्या ठिकाणांवरून जातात ती ठिकाणे शोधण्याची रीत सांगितली. मायकल क्युबी आणि सिओ लिम यांनी २००५ मध्ये तीत वाहनाच्या पल्ल्याची मर्यादा जोडली. उपनगरांतील सोसायट्या आणि चाळी पहिल्या रीतीत बसतात, तर रिक्षा, टॅक्सी आणि मालवाहू टेम्पो दुसऱ्या रीतीत, म्हणून मुंबईसाठी दोन नकाशे करावे लागतील: एक रात्रीच्या मुक्कामाचा आणि दुसरा दिवसाच्या फेऱ्यांचा.

याखेरीज एक तिसरे गणित आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते, ते रांगेचे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९१७ मध्ये, सर्व तारा व्यग्र असल्यामुळे किती ग्राहकांचा फोन लागणार नाही, हे काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले, आणि ते चार्जिंग केंद्राला जसेच्या तसे लागू पडते. समजा, एका ठिकाणी एकच जलद यंत्र आहे, सरासरी दर दोन तासांनी एक मोटार येते, प्रत्येकीला एक तास लागतो आणि यंत्र व्यग्र दिसले की चालक निघून जातो. एरलांगच्या सूत्रानुसार येणाऱ्या तीन मोटारींपैकी एकीला परत जावे लागते. आता अशी चार ठिकाणची चार यंत्रे एकाच आवारात आणली आणि चारही ठिकाणच्या मोटारी तेथे येऊ लागल्या, तर परत जाणाऱ्यांचे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवर येते. यंत्रे तेवढीच आणि मोटारीही तेवढ्याच, तरी सेवा तिपटीहून अधिक भरवशाची होते. एक यंत्र बंद पडले तरी उरलेली तीन चालू राहतात, हा लाभ आणखी वेगळा. म्हणून जलद केंद्रे चौकटीत एकेक अशी विखरण्यापेक्षा मोक्याच्या थोड्या ठिकाणी चार-सहा यंत्रांच्या गटाने उभारणे शहाणपणाचे आहे. संथ पॉइंटांचा हिशेब याच्या नेमका उलट असतो. तेथे रात्रभर वाहन सोडून माणूस घरी जातो, त्यामुळे चालत जाण्याचे अंतर महत्त्वाचे ठरते आणि पॉइंट गल्लोगल्ली पसरावे लागतात.

हा विचार प्रत्यक्ष उपनगरांना लावून पाहता येईल. अंधेरी पूर्वेकडे मरोळचे औद्योगिक क्षेत्र, सीप्झ आणि विमानतळाचा परिसर असल्याने दिवसा तेथे कर्मचाऱ्यांची वाहने सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असतात. ही वेळ सौरऊर्जेच्या निर्मितीशी जुळते. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून, ज्या तासांत सौरवीज उपलब्ध असते त्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्याचे तत्त्व घालून दिले आहे. त्यामुळे कार्यालयांच्या वाहनतळांतील संथ पॉइंट हे अंधेरी पूर्वेसाठी सर्वांत स्वस्त साधन ठरते, आणि ज्यांच्या घराजवळ वाहन उभे करायलाच जागा नाही अशा दूरच्या उपनगरांतील कर्मचाऱ्यांची गरजही त्यातून भागते. विमानतळाभोवती भाड्याच्या मोटारींचे चालक पुढच्या भाड्याची वाट पाहत तासन्तास थांबतात. जलद यंत्रांच्या गटासाठी याहून योग्य जागा उपनगरांत क्वचितच मिळेल. अंधेरी पश्चिमेला, लोखंडवाला संकुलापासून वर्सोव्यापर्यंत, चित्र रात्रीच्या मुक्कामाचे आहे.

घाटकोपरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही शहरातील पहिली मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर स्टेशनवर दोन रेल्वेव्यवस्थांचे प्रवासी एकत्र येतात आणि स्टेशनबाहेरील अरुंद रस्त्यांवर शेअर रिक्षा, फेरीवाले आणि पादचारी यांची दाटी असते. नकाशावर सर्वाधिक ये-जा येथेच दिसत असली तरी येथे वाहन तासभर थांबवणे म्हणजे चौक बंद करणे होय. केंद्र जाऊ शकते ते लाल बहादूर शास्त्री मार्गावरील मॉलच्या वाहनतळात किंवा पूर्व द्रुतगती महामार्गालगत. असल्फ्याच्या टेकडीवरील वस्त्यांत तर मोटार घरापर्यंत पोचतच नाही, आणि रहिवाशांच्या दुचाक्या पायथ्याशी रांगेने लावलेल्या असतात. अशा पायथ्याच्या जागी छताखाली दहा-वीस संथ पॉइंट आणि बॅटरी बदलून देणारे एखादे कपाट ठेवले, तर सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक कुटुंबांचे काम होईल. बॅटरी बदलण्याच्या पद्धतीत रिकामी बॅटरी देऊन भरलेली घ्यायची असते, त्यामुळे वाहन दोन-तीन मिनिटांत निघते आणि जागाही थोडी लागते. पार्सल पोचवणाऱ्यांमध्ये ही पद्धत रुजली आहे ती याच कारणाने.

मुलुंड त्या मानाने सुखी आहे. १९२० च्या दशकात आखणी झालेल्या मुलुंड पश्चिमेच्या रस्त्यांची काटकोनी मांडणी आजही टिकून आहे आणि रस्त्याकडेला वाहने लावण्याची शिस्त घालणे तेथे शक्य आहे. ठाण्याच्या हद्दीवर असल्याने चेक नाक्याशी येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांचा ओघ मोठा असतो, आणि जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करात विलीन झाल्यापासून नाक्यांच्या विस्तृत जागांचा मूळ उपयोग संपला आहे. मालवाहू टेम्पो आणि बाहेरगावच्या मोटारींसाठी जलद यंत्रे येथे शोभतील. बोरिवलीला दहिसर नाका आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांमुळे असेच स्थान आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानाला भेट देणारे लोक दोन-तीन तास आत असतात, म्हणून प्रवेशद्वाराबाहेरील वाहनतळ मध्यम वेगाच्या चार्जिंगला अनुरूप आहे.

जागा ठरली तरी वीज तेथे पोचते का, हे पाहावे लागते. ६० किलोवॅटचे एक जलद यंत्र म्हणजे दीड किलोवॅटचे ४० वातानुकूलक एकाच वेळी चालवण्याइतका भार. अशी चार यंत्रे असतील तर परिसरातील रोहित्रावर, म्हणजे उच्च दाबाची वीज घरगुती दाबावर उतरवणाऱ्या यंत्रावर, एका मोठ्या सोसायटीचा भार अचानक येऊन पडतो. वितरण कंपन्यांची विभागणीही येथे चमत्कारिक आहे: अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपरला अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर वीज देतात, मुलुंड आणि भांडुपला महावितरण, आणि ज्या बेस्टचे बस आगार प्रत्येक उपनगरात आहेत ती बेस्ट वीज मात्र केवळ शहर विभागातच पुरवते. आगारांत वीजबससाठी उच्च दाबाची जोडणी येत असल्याने, बसगाड्या रस्त्यावर असतानाच्या तासांत ती इतर वाहनांना खुली करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. महावितरणने आपल्या उपकेंद्रांच्या आवारांत काही केंद्रे उभारली, कारण तेथे जागा आणि वीज दोन्ही हाताशी असतात. पण उपकेंद्र बाजूच्या रस्त्यावर असेल, आसपास चहाचे दुकान, प्रसाधनगृह आणि दिवाबत्ती नसेल, तर रात्री दहा वाजता एकटी महिला तेथे तासभर थांबणार नाही, आणि यंत्र सुस्थितीत असूनही रिकामे राहील. आर्थिक बाजू याच्याशीच बांधलेली आहे. ६० किलोवॅटचे यंत्र पूर्ण क्षमतेच्या दहा टक्के वापरले गेले तरी दिवसाला १४४ युनिट विकली जातात, म्हणजे सरासरी २० युनिट घेणाऱ्या सात मोटारी; एवढ्याही आल्या नाहीत, तर वीज वापरली नाही तरी भरावा लागणारा मागणी आकार केंद्रचालकाला परवडत नाही.

मुंबईत पाण्याचा विचार टाळून कोणतीही जागा निवडता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो अपवाद मानला, तरी अंधेरीचा भुयारी मार्ग आजही जवळपास प्रत्येक पावसाळ्यात पाणी साचल्यामुळे बंद करावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार चार्जिंगचे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे लागते आणि उभ्या वाहनाची जोडणी पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यावी लागते. उपनगरांत मात्र हा किमान आकडा पुरेसा मानू नये, कारण मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या नद्यांच्या काठच्या सखल भागांत सॉकेट कोरडे राहिले तरी खालची विद्युतपेटी बुडू शकते. इमारतींच्या तळघरांतील वाहनतळांना हाच धोका अधिक असतो, आणि विकास नियमावलीनुसार बांधून घेतलेल्या सार्वजनिक वाहनतळांत वरचे मजले चार्जिंगसाठी राखणे त्यामुळे हितावह ठरते.

सर्वाधिक काळजी करण्याजोगा घटक रिक्षाचालकांचा आहे. रिक्षांना शहर विभागात, म्हणजे माहीम आणि शीवच्या दक्षिणेस, परवानगी नाही. त्यांचे सारे जग उपनगरांतच सामावलेले आहे. आज बहुतेक रिक्षा सीएनजीवर चालतात आणि पंपावरच्या रांगेत त्यांच्या धंद्याचा वेळ जातो. विजेवरील रिक्षाची बॅटरी साधारण सात ते बारा युनिटांची असते, ती संथ पॉइंटवर तीन-चार तासांत भरते, आणि भाड्याची रिक्षा पाळीने चालवणाऱ्या माणसासाठी दिवसाचे हे तीन-चार तास म्हणजे कमाईचा मोठा हिस्सा होय. त्याची रिक्षा रात्री वस्तीबाहेरच्या रस्त्यावर उभी असते, जेथे त्याच्या नावाचा मीटर नाही. सोसायटीतील मोटारमालकाला फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीने वाहनासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा हक्क मिळाला, तो या चालकाच्या उपयोगाचा नाही. सार्वजनिक पैसा जेथे खर्च व्हायचा आहे, तेथे पहिला अधिकार रात्रीच्या या रांगांचा असायला हवा. मॉल आणि उंच इमारती आपली यंत्रे बाजाराच्या बळावर उभारू शकतात, रस्त्यावरची रिक्षा नाही.

परंतु रस्त्याकडेचे पॉइंट पदपथावर बसवणे हा यावरचा तोडगा होऊ शकत नाही. उपनगरांतील पदपथ मुळातच अपुरे आहेत आणि पादचाऱ्याची जागा घेऊन वाहनाला सोय देणे अन्यायाचे ठरेल. पॉइंट वाहने लावण्याच्या पट्ट्यातच, कठड्याच्या आत बसवावे लागतील आणि तेवढी जागा वाहनांच्याच वाट्यातून वजा करावी लागेल. जमिनीची मालकी महापालिका, म्हाडा, रेल्वे, जिल्हाधिकारी, एमएमआरडीए अशी विभागलेली असल्याने परवानग्यांना वेळ लागतो. सार्वजनिक जमीन प्रतियुनिट एक रुपया महसूल-वाट्याच्या तत्त्वावर देण्याची तरतूद २०२२ च्या केंद्रीय तत्त्वांत आहे, आणि तिचा वापर म्हाडाच्या वसाहतींतील अंतर्गत रस्त्यांवर करता येण्यासारखा आहे. घाटकोपरचे पंतनगर हे त्याचे सहज सुचणारे उदाहरण.

नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅमने रहिवाशांच्या मागणीवरून पॉइंट बसवण्याची पद्धत रुजवली: ज्याच्याकडे खासगी वाहनतळ नाही तो अर्ज करतो, महापालिका जवळ उपलब्ध पॉइंट आहे का ते पाहते आणि नसल्यास नवा उभारते. मुंबईत अर्ज करण्याची उसंत आणि माहिती असलेल्यांपुरतीच ही रीत मर्यादित राहण्याचा धोका आहे, म्हणून तिला प्रत्यक्ष मोजणीची जोड द्यावी लागेल. महापालिकेच्या प्रत्येक प्रशासकीय विभागाने, घाटकोपरच्या एन विभागाने किंवा मुलुंडच्या टी विभागाने, रात्री अकरानंतर आणि दुपारी दोनच्या सुमारास रस्त्यांवर उभ्या असलेल्या दुचाक्या, रिक्षा, टेम्पो आणि मोटारी यांची गल्लीवार नोंद घेतली, तीवर पाणी साचण्याच्या जागा आणि रोहित्रांची शिल्लक क्षमता मांडली, तर कोणत्या गल्लीत संथ पॉइंट आणि कोणत्या नाक्यावर जलद गट असावा, हे बहुतांशी तेथेच ठरते. या नोंदी वर्षातून एकदा तरी नव्याने घ्याव्या लागतील, कारण जुन्या चाळीच्या जागी पुनर्विकासाची इमारत उभी राहिली की त्या गल्लीतील वाहनांची संख्या, त्यांची उभे राहण्याची जागा आणि विजेचा भार हे तिन्ही एकदमच बदलतात.